औषध थोडंच आहे ते

२४ ऑगस्ट १९८६, रविवार

यांना ऑफिसातून दरवर्षी डायरी मिळते. जानेवारीत चार दिवस लिहितात आणि कपाटावर टाकून देतात. उरलेली पानं माझी. यंदा लिहायला कारणही आहे. महालक्ष्म्या आमच्याकडे आल्या.

मामंजी काल वर्ध्याहून आले. मुखवट्यांची पेटी गाडीत मांडीवर घेऊन बसले होते म्हणे, कोणाला हातसुद्धा लावू दिला नाही. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं चुलतसासूबाईंनी केलं. आता त्यांचे गुडघे गेले. तेव्हा भिलाईचं हे दोन खोल्यांचं क्वार्टर आणि मी. मामंजी म्हणाले, "तुह्या हातून होते का नाही, ते देवीच पाहीन." मामंजींनी रेल्वेत गार्डाची नोकरी केली. त्यांचा आवाज अजून प्लॅटफॉर्मच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचतो. ते घरात साधं पाणी मागतात तरी रस्त्यावरचा माणूस थांबतो.

वरच्या मजल्यावरच्या वच्छलाबाई ऐकल्या ऐकल्या खाली आल्या. पहिला प्रश्न, "तुमची तारीख पाहिली काय?"

पाहिली. माझी त्याच दिवसांत येते, आणि कांताचीही. कांता म्हणजे माझी धाकटी जाऊ. शामसुंदरभाऊजी चरोद्याला यार्डात आहेत, तिथेच रेल्वे कॉलनीत राहतात ती दोघं. ती आल्याशिवाय माझ्याच्यानं काही होणार नाही.

"मंग गोळ्या घ्या नं दोघीबी," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी तं दरवर्षी घेतो. घरात देव बसले अन् आपण मोरीपाशी बसाचं काय?"

३० ऑगस्ट

सुपेल्याच्या बाजारात मेडिकलमध्ये गेले. दुकानात पुरुष उभे होते, म्हणून समोरच्या बांगड्यांच्या दुकानात उगीच बांगड्या पाहत राहिले. रिकामं झाल्यावर गेले. माणूस भला होता. कागदात गुंडाळून देताना हळूच म्हणाला, "बच्चा न होने वाली गोली जैसी ही है बहनजी, बस ताकत ज़्यादा है. आठ दिन से ऊपर मत खाना." पुढेही काही सांगत होता, पण मागून कोणी आलं, म्हणून मी निघाले.

गोळ्या हळदीकुंकवाच्या डब्यामागे ठेवल्या. तिथे कोणी पुरुष हात घालत नाही.

३ सप्टेंबर

कांता आली. आली की घर हलकं होतं. पिशवी ठेवायच्या आधी मामंजींच्या पाया पडली, आमच्या साधनाची वेणी ओढली, मला म्हणाली, "ताई, तुम्ही तं आत्ताच पंधरा दिवसांच्या थकल्या दिसून राहिल्या."

आजपासून गोळी सुरू. दोघींनी स्वयंपाकघरात दाराआड उभं राहून घेतली. कांताला हसू आवरेना. "ताई, देवीले समजत नसन काय, का आपण तिले फसवून राहिलो?"

मी म्हटलं, "देवी बाईच आहे नं, तिले नाही समजणार तं कोणाले?"

सासूबाईंनी कांताला एक गोष्ट शिकवली, ती मला कधी आली नाही. कोथळीच्या धडावर मुखवटा बसवून ती साडी अशी नेसवते की वाटतं आता देवी श्वास घेईल. मी नेसवलेली साडी दुकानातल्या पुतळ्यावर असावी तशी दिसते. मला याचं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

५ सप्टेंबर

काय लिहू. फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या टांगायची दोरी बांधायला कांता स्टुलावर चढली होती. खाली मी नुकतीच फरशी पुसली होती. स्टूल सरकलं. आवाज आला तो हाडाचा होता हे मला तेव्हाच समजलं.

उजव्या पायाची नडगी. जांघेपासून बोटांपर्यंत प्लास्टर. दीड महिना तरी ठेवावं लागेल म्हणाले. प्लास्टर ओलं असताना इस्पितळातला तरुण डॉक्टर विचारत होता, "कोई दवा चल रही है? बीपी, शुगर, कुछ भी?" उशाशी मामंजी उभे, पायाशी शामसुंदरभाऊजी. कांताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नहीं."

खोटं नव्हतं. औषध थोडंच आहे ते.

निघताना सिस्टरने सांगितलं की पाय उंच ठेवा, बोटं हलवत राहा, आणि दिवसभर निजवून ठेवू नका, कुबड्या घेऊन उठू द्या. भाऊजी म्हणाले, "आधी हाड तं जुळू दे, मंग उठन." चरोद्याला दिवसभर तिच्याजवळ कोण असणार? म्हणून इकडेच आणली.

६ सप्टेंबर

खाट मधल्या खोलीत टाकावी लागली. दुसरी जागाच नाही. समोर महालक्ष्म्यांचा मांडव, इकडे कांता. वच्छलाबाई येऊन पाहून गेल्या. दारात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता तं गोळी चुकवूच नका. हे एवढं प्लास्टर घेऊन कुठं बसन ते बाहेर? देवीच्या पुढ्यातच आहे."

खरं आहे. मी तर तो विचारच केला नव्हता. जेवण विसरेन पण गोळी विसरणार नाही. दुधाबरोबर आधी तिला देते, मग मी घेते.

११ सप्टेंबर, गुरुवार

झालं. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण. उभी राहून राहून माझे पाय खांबासारखे झाले आहेत, पण झालं.

साड्या मीच नेसवल्या, कांता खाटेवरून सांगत गेली. "ताई, ज्येष्ठेचा पदर थोडा सैल. तिले घाम येते. कनिष्ठेले घट्ट चालते, ते लहान आहे." देवीला घाम येतो! पण पदर सैल केला आणि खरंच चेहरा बदलला. मामंजी बराच वेळ समोर बसून राहिले. शेवटी नाक शिंकरून म्हणाले, "तुह्या सासूनं केल्यासारखं दिसते." आवाज हळू काढला असावा त्यांनी, तरी वच्छलाबाईंना वरती ऐकू गेला.

हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई कांताला सांगून गेली, हलू नको माय, पडून राहा. आम्ही तिला पेलासुद्धा उचलू देत नाही. कुबड्या दाराआड आहेत, मांडवाच्या खांबांत कुठे चालणार?

पोटरी आतून कोणी पिळतंय असं म्हणते. यांनी प्लास्टर ठोकून पाहिलं. घट्ट बसलं असेल.

१३ सप्टेंबर

काल बोळवण झाली. मांडव सुटला की खोली किती मोठी आणि उदास दिसते. आजपासून गोळ्या बंद करायच्या म्हणून उरलेलं पाकीट मागे सारलं.

चहाच्या वेळी मामंजी म्हणाले, "नवमी सत्तावीसले आहे. तुह्या सासूची अविधवा नवमी औंदा इथंच करू. दोघी सुना आहेत, दोघींच्या हातचं होऊन जाऊ दे." सासूबाई सवाष्ण गेल्या, त्यांची नवमी चुकवता येत नाही. आणि आता गोळी सोडली तर पाळी येऊन जाईल हे खरं, पण माझी अलीकडे एकदा सुरू झाली की दहा दहा दिवस थांबत नाही. कांताचं तर पाणी, साबण, सगळं खाटेवरच. एवढं करण्यापेक्षा पंधरा दिवस गोळीच बरी, असं दोघींनी ठरवलं. दोघींनी म्हणजे मी ठरवलं. कांता म्हणाली, "तुम्ही म्हणान तसं, ताई."

त्या दुकानदाराचं आठ दिवसांचं बोलणं आठवलं. पण वच्छलाबाई म्हणतात, त्यांच्या बहिणीने महिनाभर घेतल्या होत्या चारधामला. सुपेल्याला पुन्हा गेले. आज दुकानावर दुसराच माणूस होता. काही न बोलता दिल्या.

१८ सप्टेंबर

कांताची बोटं सुजली आहेत. हलव म्हटलं तर दुखतं म्हणते, मग मीही आग्रह करत नाही.

साधना शाळेतून आली ती ओरडलीच. "मम्मी, सिस्टर ने बोला था ना चाची को उठाओ! तू तर तिला हलूच देत नाहीस." दहावीत आहे, सगळं समजतं असं वाटतं तिला. मी म्हटलं, आजारी माणसाला उठवून कोणी सेवा करतं का? ती म्हणाली, "चाची बीमार नहीं है, उनका पैर टूटा है." आणि दप्तर टाकून निघून गेली.

माझेही पाय दुखतात संध्याकाळी. पण मी कामात असते, दिवसभर उभी, जाणवत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी कांताला दूध द्यायला गेले तर ती उशीला टेकून बसली होती आणि तिला श्वास पुरत नव्हता. "ताई, इथं टोचते," म्हणून बरगडीवर हात ठेवला. ओठांचा रंग उतरलेला. खोकली तेव्हा रुमालाला लालसर लागलं.

यांनी शेजाऱ्यांची जीप मिळवली. इस्पितळात लगेच भरती केलं, ऑक्सिजन लावला. छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया असेल, नाहीतर दुसरं काही, पाहतो, म्हणाले.

मी रस्ताभर तिचा हात धरून होते. तिने विचारलं, "ताई, नवमीचं कसं कराचं आता?" मी तिच्यावर रागावले.

२५ सप्टेंबर

हे पान नीट लिहायचं आहे.

सकाळी डबा घेऊन गेले. गोळी डब्याच्या झाकणात होती. नवमी परवा, आता कशाला चुकवा, असं मनात होतं. कांता मुकाट्याने तोंड उघडते हल्ली. दिली. सिस्टर येताना दिसली तेव्हा झाकण पदराखाली घेतलं. का घेतलं? आत कुठेतरी मला माहीत असलं पाहिजे की लपवायची गोष्ट आहे. पण मी समजत होते की लाजेची आहे म्हणून.

मग तो तरुण डॉक्टर आला. त्याने प्लास्टर वरून कापलं होतं. मांडी हाताने चाचपली, ती दुसऱ्या मांडीहून जाड दिसत होती. भाऊजींना बाजूला घेऊन सांगत होता, मी ऐकत होते. बहुतेक पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला. पण खात्री नाही. न्यूमोनियाही असू शकतो. गुठळी असेल तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच सुरू केलं पाहिजे. पण तिचं हाड ताजं मोडलेलं. गुठळी नसताना ते औषध दिलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. "एक तरफ कुआँ है," म्हणाला, "दूसरी तरफ भी." त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आमच्यासारखाच थकलेला.

मग त्याने कांताला विचारलं, "बच्चा न होने की गोली खाती हो?"

भाऊजी समोर. कांताने मान हलवली, नाही. तेही खरंच. ती गोळी ती खात नाही.

डॉक्टर म्हणाला, "खाती होतीं तो मैं अभी इंजेक्शन शुरू कर देता." आणि पुढच्या खाटेकडे गेला. मोठ्या डॉक्टरांशी बोलतो, रक्त तपासतो, सकाळपर्यंत ठरवू.

मी बसून राहिले. आणि त्या भल्या दुकानदाराचा आवाज कानात आला. बच्चा न होने वाली गोली जैसी ही है बहनजी, बस ताकत ज़्यादा है.

बाहेर व्हरांड्यात यांना सांगितलं. सगळं. हे खांबाला टेकले. मग म्हणाले, "बंद कर ते गोळी आत्ताच. अन् गप राहा. बाबा आहेत तिथं, शाम आहे. कसं सांगशीन? डॉक्टर काय करायचं ते करतेच आहेत." रागाने नाही बोलले. हेही दमले आहेत.

पाकिटातल्या गोळ्या काढून नळाखाली धरल्या. पांढरं पाणी झालं. एवढं सोपं होतं ते.

बंद केली, मग सांगायची काय गरज, असं स्वतःला दुपारभर समजावलं. पण डॉक्टर उद्या सकाळी ठरवणार, आणि त्याला जे माहीत नाही ते मला माहीत आहे.

२६ सप्टेंबर

उद्यापर्यंत थांबले नाही. म्हणजे काल लिहून झाल्यावर उठलेच. यांना म्हटलं, मी परत जाऊन येते. हे म्हणाले, "मीबी येतो." त्यांनी पुन्हा गप राहा म्हटलं नाही.

मामंजी खाटेजवळच्या स्टुलावर जपमाळ घेऊन बसलेले. भाऊजी पलीकडे. मला वाटलं होतं डॉक्टरला दाराशी गाठीन, हळूच सांगेन. पण तो खाटेशीच उभा होता, कांताची नाडी धरून. कांताचे डोळे मिटलेले, गळ्याखाली खड्डा पडत होता प्रत्येक श्वासाला. आता त्याला बाहेर बोलवायचं, ओळख काढायची, प्रस्तावना करायची, एवढा वेळ कोणाकडे होता?

मी म्हटलं, "डॉक्टरसाहब, वो गोली खाती है. पाळी पुढे ढकलायची. महीना रोकने वाली. तीन तारीख से. मैंने दी. आज सुबह भी दी."

हिंदीत सुरू केलेलं मराठीत गेलं आणि परत हिंदीत आलं. मामंजींच्या हातातली माळ थांबली.

डॉक्टरने एकच विचारलं, "नाम? पत्ता है?" मी रिकामं पाकीट दिलं. ते तेवढं टाकलं नव्हतं. त्याने उजेडात धरून वाचलं आणि सिस्टरला हाक मारली. इतकी मोठी हाक की मामंजींच्याच घराण्यातला वाटला.

इंजेक्शन लगेच सुरू झालं. पुढे तो मला समजावत होता, गोळीने रक्त गोठायला लागतं, त्यात पाय बांधलेला, त्यात हालचाल नाही, तीन गोष्टी एकत्र आल्या. "आपने भी खाईं ना? आपको कुछ नहीं हुआ. आप चल-फिर रही थीं." मला पायांचं दुखणं आठवलं. मी त्या दुखण्याला शिव्या दिल्या होत्या.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मामंजी उठून बाहेर गेले. त्यांची काठी व्हरांड्यात लांबपर्यंत ऐकू येत होती.

आज दिवसभर ती तशीच आहे. डॉक्टर म्हणतो, तशीच असणं हेच चांगलं.

२७ सप्टेंबर, नवमी

काल रात्रीपासून माझी पाळी सुरू झाली. नवमीच्या दिवशी. ज्या दिवसासाठी सगळं केलं, त्याच दिवशी मी बाहेरची. हसावं का रडावं कळेना, आणि दोन्ही करायला अंगात जीव नव्हता.

सकाळी मागच्या पायरीवर बसले होते. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. वाटलं साधना असेल. डोकावून पाहिलं तर मामंजी. धोतर खोचलेलं, समोर डाळ शिजत टाकलेली.

मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही काऊन करता? साधना करीन."

"साधनाले पुरण येते काय?" तिकडेच तोंड करून म्हणाले. मग पाट्यावर काहीतरी आपटलं. "तुह्या सासूले अडचण आली होती दोनदा महालक्ष्म्यांत. नागपूरले होतो तवा. ते पडवीत बसून सांगे अन् मी करो. साडीबी मीच नेसवली. कांता नेसवते तशी नाही जमली, पण देवी काही उठून गेली नाही."

मी उंबऱ्याबाहेर बसले.

"मले इचारलं असतं तं सांगितलं असतं," ते म्हणाले. "कोणी इचारलंच नाही. सगळ्याइले वाटते म्हातारा खाऊन टाकन." चिडून बोलत होते. डाळ उतू गेली तर तिच्यावरही चिडले.

पुरण गोड झालं नव्हतं, गूळ कमी पडला. सासूबाईंच्या नावाने पान वाढलं आणि डब्यात दोन पोळ्या घालून ते स्वतः इस्पितळात गेले.

४ ऑक्टोबर

ऑक्सिजन काढला. कांताने सिस्टरला विचारलं, तुमच्या इथं चहात साखर टाकत नाहीत काय. सिस्टर म्हणाली, अब ठीक है ये.

आता सुईऐवजी गोळी आहे. रक्त पातळ करायची. पुष्कळ महिने घ्यावी लागेल. दर काही दिवसांनी रक्त तपासून गोळी कमीजास्त करतात. डॉक्टरने आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, शाळेत सांगतात तसं. रोज ठरल्या वेळेला. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नाही. पालेभाजी एक दिवस परातभर आणि मग आठ दिवस बंद, असं नाही. कुठूनही रक्त जास्त गेलं, हिरडीतून, लघवीतून, पाळीत, तर लगेच यायचं. आणि विचारल्याशिवाय दुसरं काही, काहीही, पोटात घालायचं नाही. भाऊजी मान हलवत होते. मामंजींनी "पाळीत" या शब्दाला खिडकीबाहेर पाहिलं. पण उठून गेले नाहीत.

भाऊजी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांचा हक्क आहे. कांता मात्र माझा हात सोडत नाही. त्याने जास्त लागतं.

१९ ऑक्टोबर

कांता घरी आली, आमच्याच. प्लास्टर आता गुडघ्याखाली आहे. रोज साधना तिला कुबड्यांवर गल्लीच्या टोकापर्यंत नेते. "चाची, लेफ्ट राइट!" वच्छलाबाई वरून म्हणतात, काय जीव घेऊन राहिली पोर तिचा. कांता दमून येते, कपाळावर घाम, आणि म्हणते, "ज्येष्ठेसारखा घाम येऊन राहिला मले."

वच्छलाबाई गोळ्यांविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. परवा जिन्यात भेटल्या तर डोळे खाली घातले. मला त्यांचा राग येत नाही. त्या तर मला मदतच करत होत्या. मीही कांताला मदतच करत होते.

५ नोव्हेंबर

भाऊबीज झाली. कांता चरोद्याला गेली. मामंजीही तिच्याकडे गेले, म्हणाले गाड्यांचे आवाज ऐकल्याशिवाय झोप नीट लागत नाही. घर एकदम रिकामं. मला बरं वाटतं आणि वाईटही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कांता बरी आहे. ते आधी लिहिते. इस्पितळात ठेवून घेतलं आहे, पण आता भीती नाही. मी नुकतीच तिथून आले.

सकाळी नळ आला होता. गल्लीतल्या सगळ्या बाया बादल्या घेऊन उभ्या. फाटकाशी रिक्षा थांबली आणि मामंजींचा आवाज आला, आत यायच्याही आधी.

"विजया! कांताले अंगावरून लय जाऊन राहिलं! परवापासून थांबत नाही! शामनं तिले तसंच इस्पितळात नेलं, तू चाल!"

बादल्या वाजायच्या थांबल्या. वच्छलाबाई गॅलरीत ओलं लुगडं पिळत होत्या, त्यांचे हात तसेच राहिले. मी चप्पल शोधत होते आणि मला सापडत नव्हती. मामंजी फाटकातूनच पुढे बोलत होते, "डॉक्टरनं सांगितलं होतं नं, पाळीत जास्त गेलं तं लगेच या म्हणून! पोरगी लाजून दोन दिवस बसली! मीच इचारलं आज, चेहरा पांढरा काऊन दिसते म्हणून!"

रिक्षात ते लाजले होते बहुतेक. काठी दोन्ही हातांनी धरून सरळ समोर पाहत होते.

कांता बाकावर भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून हसली, ओठ पांढरे. "ताई, सगळ्या भिलाईले समजलं आता." भाऊजी खिडकीशी रांगेत होते, मागे बरेच पुरुष. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "क्या तकलीफ है?" भाऊजी अडखळले. "वो... जरा कमज़ोरी..."

मामंजींनी त्यांना काठीने बाजूला केलं. "महीना आया है, खून ज्यादा जा रहा है, परसों से," ते म्हणाले. "और वो खून पतला करने का गोली खाती है, छाती में गुठली हुआ था. लिखो. पहले लिखो, फिर मेरा मुँह देखो."

बाबूने लिहिलं. सिस्टर आतून धावत आली. कांताला उठवताना तिने विचारलं, "और कोई दवा ली है?"

मामंजी माझ्याकडे वळले. त्या सगळ्या रांगेसमोर. "सांग विजया, आन काही देल्लं काय तिले? मी आहो इथं म्हणून लाजू नको."

"मी नाही दिलं काही," मी म्हटलं. "नाही, मामंजी."

बाकावरून कांताने शाळेतल्या मुलीसारखं बोट वर केलं. "डोकं दुखत होतं तं गोळ्या घेतल्या नं दोन-तीन दिवस. यायनंच आणून देल्ल्या, पानठेल्यावरून."

"उससे तो खून और पतला होता है!" सिस्टर म्हणाली. भाऊजींनी सगळ्यांकडे पाहिलं. बिचारे खरंच गोंधळले होते. "डोकेदुखीची साधी गोळी होती," ते म्हणाले. "औषध थोडंच आहे ते."

मामंजींनी खिडकीच्या लाकडावर काठी वाजवली.

"ये भी लिखो," ते म्हणाले.